मुलाची बाजू

१८८२ साली टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस होते. कोल्हापूर प्रकरणातला बदनामीचा खटला हायकोर्टात ज्यूरीपुढे चालला आणि दोघांना चार महिन्यांची कैद झाली; तिच्यातले काही दिवस पुढे माफ झाले. सुटून आल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, तेव्हा दिवसांचा आकडा त्याच्या नावातच घातला. आपल्यावर आरोप काय, आपल्या बाजूने कोण काय बोलले, न्यायाधीशांनी काय ठरवले आणि बाहेर कधी पडायचे, हे पंचविशीतल्या त्या दोन संपादकांना पक्के ठाऊक होते.

उमरखाडीच्या त्याच दगडी तुरुंगात पुढे मुलांचे रिमांड होम आले. आजही तिथे मुलांचे निरीक्षणगृह आहे. मुंबईतल्या वस्त्यांतून बायका अजून म्हणतात, "पोराला डोंगरीला टाकलंय." वकील म्हणून माझे आयुष्य अशा गृहांच्या आणि बालन्यायमंडळांच्या दारात गेले. आत किती दिवस झाले असे विचारले, तर मुले दिवसांचा आकडा सांगत नाहीत. "तीन तारखा झाल्या," असे सांगतात. कोर्टाची पुढची तारीख हेच त्यांचे पंचांग.

प्रौढ कैद्याला त्या काळीही जे मिळत होते, म्हणजे ठरीव आरोप, वकील, शिक्षेची मुदत आणि अपील, ते मुलापर्यंत पोचायला शंभर वर्षे लागली. या शंभर वर्षांत क्रूर माणसे होती, पण मुलांचे हक्क काढून घेणारी बहुतेक माणसे क्रूर नव्हती. ती सज्जन होती, कळवळ्याची होती, आणि आपण मुलाचे भलेच करतो आहोत याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ही हकीकत मला त्यांच्यापासून सांगितली पाहिजे.

कंपनी सरकारने १८५० मध्ये उमेदवारीचा कायदा केला. दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला मॅजिस्ट्रेटने एखाद्या कारागिराकडे करारावर बांधून द्यायचे, म्हणजे तो धंदा शिकेल आणि वाईट मार्गाला लागणार नाही, अशी कल्पना होती. त्याच सुमारास 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी मुंबईत एक उद्योगशाळा काढली. बगदादहून येऊन मुंबईत गडगंज झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी तिला हात दिला आणि १८५७ मध्ये ती ससून यांच्या नावाची सुधारशाळा झाली. माहीमला ती आजही आहे. भायखळ्याच्या किंवा ठाण्याच्या तुरुंगात खुन्या-दरोडेखोरांच्या शेजारी दहा वर्षांचे पोर झोपण्यापेक्षा ते सुतारकाम शिकलेले बरे, यात वाद नाही. ससून यांचे मुंबईवर आणि पुण्यावर फार उपकार आहेत, आणि हा त्यांतला लहान नव्हे.

पण त्या शाळेत मूल कसे पोचायचे? मॅजिस्ट्रेटपुढे दोन मिनिटांत. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हा लागतच नाही असे ठरवले आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला समज किती होती ते पाहायला सांगितले. बाराच्या वरचे पोर गुन्ह्यापुरते मोठेच. शिवाय सोपा मार्ग हाताशी होता, तो वेताचा. फटक्यांच्या कायद्याने लहान गुन्हेगाराला कैदेऐवजी फटके देता येत. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने प्रौढाला तीस आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला पंधरा अशी फटक्यांची कमाल मर्यादा घातली. १९२१ साली बनारसमध्ये असहकाराच्या चळवळीत पकडलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने मॅजिस्ट्रेटला आपले नाव 'आझाद' सांगितले आणि त्याला पंधरा फटके बसले, ही चंद्रशेखर आझादांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. पंधरा हा आकडा कुठून आला, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. कायद्याने मुलासाठी जेवढे ठरवले होते तेवढे सगळे त्या मॅजिस्ट्रेटने वापरले. फटके मारून झाले की वर अपिलाला अर्थ काय राहतो? पाठ तर सोलून निघालेली असते. ही शिक्षा कायद्यातून जायला स्वातंत्र्यानंतर १९५५ साल उजाडले.

मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते ते १८९७ च्या सुधारशाळा कायद्यापाशी. तो मी तरुणपणी वाचला तेव्हा एक कलम पुन्हा पुन्हा वाचले. पंधरा वर्षांखालचा मुलगा दोषी ठरला, कैदेची शिक्षा झाली, की कोर्टाने ती बाजूला ठेवून त्याला सुधारशाळेत पाठवायचे. किती काळ? तीन वर्षांपेक्षा कमी नाही, सात वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि अठरा पूर्ण झाल्यावर ठेवायचे नाही. ज्या चोरीसाठी मोठ्या माणसाला दोन महिने बसायचे, त्याच चोरीसाठी बारा वर्षांच्या मुलाला किमान तीन वर्षे घरापासून तोडायचे. ही शिक्षा नाही, हे शिक्षण आहे, असे त्यावर उत्तर होते.

आणि पुढे सोळावे कलम. मुलाच्या वयाबद्दल मॅजिस्ट्रेटने जो निर्णय दिला तो, आणि कैदेऐवजी सुधारशाळेत पाठवण्याचा हुकूम, हे दोन्ही वरच्या कोर्टाला अपिलात किंवा फेरतपासणीत बदलता येणार नाहीत, असे ते कलम सांगते. म्हणजे मुलगा किती वर्षांचा आहे आणि त्याला किती वर्षे आत ठेवायचे, या ज्या दोन गोष्टींवर त्याचे सगळे भवितव्य टांगलेले, त्याच दोन गोष्टींवर दाद मागायची नाही. गुन्ह्याविरुद्ध अपील चालेल, पण त्या हुकमाविरुद्ध नाही. मुलाच्या भल्याच्या निर्णयावर कोण कशाला तक्रार करील, अशी त्यामागची समजूत असावी असे मला वाटते. येरवड्यालाही अशी सुधारशाळा होती. तिथे सुतारकाम आणि लोहारकाम शिकून बाहेर पडलेली मुले असतील, त्यांची आयुष्ये मार्गी लागली असतील. मी ते नाकारत नाही. पण त्यांतल्या एकालाही "माझे वय चुकले आहे" असे हायकोर्टात सांगायची सोय नव्हती.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना तुरुंगापासून दूर ठेवा, त्यांची कोर्टे वेगळी करा, अशी शिफारस केली आणि प्रांतांनी पटापट बालकायदे केले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबईने १९२४ मध्ये. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिच्यामार्फत रिमांड होम चालू लागले, प्रोबेशन ऑफिसर घरोघर जाऊन मुलाच्या घरची परिस्थिती कोर्टाला लिहून देऊ लागले. १९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथे शिकलेली माणसे या कामात उतरली. बालन्यायालयात टेबल साधे, पोलिसांनी वर्दी घालायची नाही, मुलाला पिंजऱ्यात उभे करायचे नाही, मॅजिस्ट्रेटच्या शेजारी समाजकार्य करणाऱ्या बायका बसायच्या. हे सगळे मनापासून केलेले काम होते.

कल्पना मूळची शिकागोची. १८९९ मध्ये तिथे मुलांचे पहिले स्वतंत्र न्यायालय निघाले आणि त्याच्या मुळाशी एक विचार होता: राज्य हेच मुलाचे आई-बाप. आई-बाप मुलाला घरात बसवतात तेव्हा वकील लागतो का? साक्षीपुरावा लागतो का? मग कोर्टाला कशाला हवा? मुंबईच्या कायद्यात तर गुन्हा केलेले मूल आणि काहीच न केलेले मूल एकाच दारातून आत जात असे. स्टेशनवर झोपणारे, भीक मागणारे, ज्याचे आई-बाप तुरुंगात आहेत असे, किंवा ज्याचा बापच कोर्टात येऊन "हा माझ्या ताब्यात राहत नाही" म्हणतो असे, या सगळ्यांना कोर्ट ताब्यात घेऊ शकत होते. घरी सावत्र आई असेल, बापाने दुसरे लग्न केले असेल, मुलगा रुसून पळत असेल, तर बापाची तक्रार हाच पुरावा. मुलाचे म्हणणे ऐकायचे ते प्रोबेशन ऑफिसरने, आणि तो अहवालही मुलाला वाचायला मिळत नसे.

शिकागोच्या कल्पनेचा पाया हलला तो तिच्याच देशात. ॲरिझोना राज्यातल्या ग्लोब नावाच्या खाणगावात १९६४ च्या जूनमध्ये जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी घरातून उचलले. शेजारच्या बाईला फोनवर अचकट-विचकट बोलल्याचा आरोप. आई-बाप कामाला गेलेले, त्यांना चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. न्यायाधीशांनी मुलाला प्रश्न विचारले, त्या बाई कोर्टात आल्याच नाहीत, काय बोलणे झाले त्याची नोंद ठेवली नाही. आणि जेराल्डला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, सरकारी औद्योगिक शाळेत धाडण्यात आले. प्रौढाने हाच गुन्हा केला असता तर पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद. तिथल्या कायद्याने मुलांच्या खटल्यात अपीलच नव्हते, म्हणून आई-बापांना बंदिप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा, मार्ग धरावा लागला. १५ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती एब फोर्टास यांच्या निकालपत्रात सांगितले की मुलालाही आरोपाची लेखी सूचना हवी, वकील हवा, साक्षीदाराला उलट विचारायचा हक्क हवा, आणि स्वतःविरुद्ध बोलायला त्याला भाग पाडता येणार नाही. येरवडा आणि ॲरिझोना यांच्यात काही संबंध नाही. तरी गणित तेच: मोठ्याला दोन महिने, पोराला वर्षानुवर्षे, आणि दाद मागायची नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची किल्ली आंबेडकरांनी १९४९ मध्येच घटनेत ठेवली होती. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस' ही अमेरिकी शब्दयोजना काढून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे घातले गेले, तेव्हा बाहेर फार टीका झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आंबेडकरांनी घटना समितीपुढे एक नवे कलम मांडले, आणि आधीच्या कलमात जे गमावले त्याची काही भरपाई व्हावी म्हणून हे आणत आहोत, असे सांगितले. तेच आजचे बाविसावे कलम. अटकेचे कारण सांगा, आवडीच्या वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. त्या कलमात वयाची अट नाही. इंग्रजी मजकूर कोणत्याही व्यक्तीबद्दल बोलतो, आणि दहा वर्षांचे पोर ही व्यक्तीच आहे. तरीही मी नवखी असताना एका शहरातल्या बेंचपुढे मला शांतपणे सांगण्यात आले होते की मुलाला अटक केलेलीच नाही, त्याला काळजीसाठी आणले आहे, मग बाविसावे कलम कुठून लागते?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या मनेका गांधी निकालाने व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातली ती कार्यपद्धती न्याय्य आणि रास्त असली पाहिजे असे ठरले, आणि हे सूत्र मुलांपर्यंत ओढून नेले ते मुंबईच्या एका पत्रकार बाईंनी. शीला बर्से यांनी आधी मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांवरच्या अत्याचारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. मग त्यांनी देशभरच्या तुरुंगांत असलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न नेला. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगात जाऊन मुले मोजायला सांगितले. माहिती वेळेवर आली नाही, न्यायालय संतापले. ऑगस्ट १९८६ मध्ये आदेश निघाला: सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत आणि खटला त्यापुढच्या सहा महिन्यांत संपला नाही, तर तो रद्द समजावा. त्याच वर्षी त्यांच्याच याचिकेवरून मानखुर्दच्या निरीक्षणगृहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथे एक गोष्ट पक्की झाली: गृह चालवणारी सोसायटी ही मूलभूत हक्कांच्या दृष्टीने राज्यच मानली पाहिजे. दानधर्माच्या नावाने हक्क टाळता येणार नाहीत. मला ती ओळ हजार रुपयांच्या देणगीपेक्षा मोठी वाटते.

संसदेने १९८६ मध्ये देशभरासाठी बालन्याय कायदा केला आणि तो २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. माझी सनद त्या सुमाराची. सोळा वर्षांखालच्या मुलाला फाशी नाही, कैद नाही. गुन्ह्यातल्या मुलांसाठी बालन्यायालय, उपेक्षित मुलांसाठी कल्याण मंडळ. आणि त्या कल्याण मंडळापुढे खास परवानगीशिवाय वकिलाला उभे राहता येणार नाही, असे कायद्यातच लिहिलेले. पाकीट मारलेल्या मुलाला वकील मिळे. प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या, कुणाचे काही न घेतलेल्या मुलाला मंडळाची मर्जी. अशाच एका मुलासाठी मी परवानगी मागायला गेले होते. सोलापूरकडून गाडीत बसून आलेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा, त्याची मावशी शहरातच राहत होती आणि त्याला न्यायला रोज येत होती. तिच्याकडे रेशनकार्ड नव्हते, म्हणून मुलगा दिला जात नव्हता. मंडळावरच्या बाई फार प्रेमळ होत्या. त्या म्हणाल्या, "वकीलबाई, इथे भांडण नाहीच आहे. आम्ही त्याच्या भल्याचंच बघतोय." मुलगा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत कुणी बोलावले नाही, काय हवे ते विचारले नाही. मावशीच्या घरमालकाचे पत्र, शेजाऱ्यांचे जबाब आणि तिच्या कामाच्या ठिकाणची चिठ्ठी जोडून मी पुन्हा अर्ज केला, तेव्हा कुठे तो तिच्याकडे गेला. त्या बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. पण मुलाची बाजू मांडणारे कुणी नसेल, तर प्रेमळ माणसाकडूनही अन्याय होतो, हे मी तिथे शिकले.

वयाचा प्रश्न हा या सगळ्याचा गाभा. पोलीस ठाण्यात 'वय अंदाजे १९' असे लिहिले की मूल मोठ्यांच्या तुरुंगात जाते. आपल्या खेड्यांत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून असतो, कारण गुरुजींनी शाळा उघडताना ती तारीख टाकलेली असते. मुलांसाठीची सोळाची मर्यादा अठरा झाल्यानंतर आलेल्या २००७ च्या नियमांनी वयासाठी क्रम घालून दिला: आधी दहावीचे प्रमाणपत्र, नसेल तर मूल पहिल्यांदा ज्या शाळेत गेले तिथली नोंद, नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी.

२०१० च्या पावसाळ्यात ऊसतोड कामगारांच्या एका मुलाचे प्रकरण माझ्याकडे आले. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९९२, म्हणजे अटकेच्या दिवशी अठरा पूर्ण होऊन जेमतेम महिना झालेला. तुरुंगात मोठ्यांबरोबर. त्याची आई मला म्हणाली, "ताई, किल्लारीचा भूकंप झाला तवा हा पोटात व्हता." भूकंप १९९३ च्या सप्टेंबरअखेरचा. मग मुलगा चौऱ्याण्णवचा, सोळाचा. पण आईच्या आठवणीला कोर्टात कागदाचे वजन नसते. खोदून विचारल्यावर कळले की ज्या शाळेचा दाखला होता ती दुसरी शाळा. कारखान्यावरून परत आल्यावर तिथे घातले होते, मुलगा उंच म्हणून वय वाढवून लिहिले. पहिली शाळा आजोळच्या गावची, जिल्हा परिषदेची. तिथल्या मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून दाखल-खारीज रजिस्टर काढले. कसर लागलेले, पण नोंद शाबूत: १ जून १९९४. तारीख अर्थात गुरुजींचीच, पण साल आईच्या भूकंपाशी जुळणारे. नियमात 'पहिली शाळा' असे स्पष्ट होते, म्हणून मुलगा तुरुंगातून निरीक्षणगृहात आणि तिथून जामिनावर घरी आला. मधले महिने त्याने मोठ्यांच्या बराकीत काढले होते. त्या महिन्यांबद्दल तो कधी बोलला नाही, मीही विचारले नाही.

वय कोणत्या दिवशीचे मोजायचे, यावरसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला पाच वर्षे लागली. २००० मध्ये अर्नित दास प्रकरणात निकाल आला की कोर्टापुढे पहिल्यांदा आणले त्या दिवसाचे वय धरायचे. मग पोलिसांनी अटक लांबवली की मूल आपोआप मोठे होई. २००५ मध्ये प्रतापसिंह प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते उलटवले: वय गुन्ह्याच्या दिवसाचे. २००६ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडले, की आपण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होतो हे कोणत्याही टप्प्यावर, अगदी खटला कायमचा संपल्यावरही, सांगता येईल. १८९७ च्या सोळाव्या कलमाने लावलेली कडी तेव्हा कुठे निघाली.

त्या दारातून २०२३ च्या मार्चमध्ये एक माणूस नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरात पाच बायका आणि दोन लहान मुले मारली गेली. ज्यांना तो काळ आठवतो त्यांना त्या बातमीने उडालेला थरकापही आठवत असेल. कागदोपत्री सज्ञान असलेल्या आरोपीला फाशी झाली, हायकोर्टात कायम झाली, सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. पुष्कळ वर्षांनी राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेची नोंद समोर आली. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली. गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता असे निष्पन्न झाले. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो आत होता, त्यातला बराच फाशीच्या छायेत. त्या वयाच्या मुलाला तेव्हाच्या कायद्याने साधी कैदसुद्धा देता येत नव्हती.

ज्या घरातली सात माणसे गेली, त्यांना हा निकाल वाचताना काय वाटले असेल याची मी कल्पना करते आणि माझ्याने पुढे बोलवत नाही. पण वकील म्हणून मला विचारावेच लागते. पहिल्या दिवशी, पहिल्या रिमांडच्या वेळी, समोर उभ्या असलेल्या पोराकडे पाहून "तू कितवीत होतास, कुठल्या शाळेत?" एवढा प्रश्न कुणीच कसा विचारला नाही? पोलीस, मॅजिस्ट्रेट, सरकारने दिलेला वकील, सत्र न्यायालय, दोन वरची न्यायालये, सगळ्यांपुढून ती फाईल गेली. मुलाचा हक्क पाळला असता, तर त्या कुटुंबालाही अठ्ठावीस वर्षांनी हे पुन्हा सोसावे लागले नसते.

दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर देशात राग होता आणि २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला अघोर गुन्ह्यात प्रौढासारखे चालवता येईल अशी वाट काढली. त्यासाठी मंडळाने आधी त्याची मानसिक समज तपासायची. ती तपासणी किती घाईत उरकली जाते, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण त्याच कायद्यात चांगलेही आहे. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचे नाही, चोवीस तासांत मंडळापुढे आणायचे, जामीन हाच नियम, चौकशी चार महिन्यांत संपवायची आणि फार तर दोन महिने वाढवायची. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यात संपली नाही तर ती बंद.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले तेव्हा हा कायदा सगळ्यांच्या तोंडी आला. चालवणारा सतरा वर्षांचा, श्रीमंताघरचा. त्याच दिवशी जामीन, अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट, मग लोकांचा उद्रेक, मग मंडळाने त्याला निरीक्षणगृहात धाडणे. त्या दिवसांत मला नातेवाइकांचे, जुन्या मैत्रिणींचे फोन आले. सगळ्यांचे म्हणणे एकच, की याला कसले हक्क? रक्ताचे नमुने बदलल्याचे बाहेर आल्यावर तर माझाही संताप झाला. २५ जूनला मुंबई हायकोर्टाने आत्याच्या याचिकेवर त्याला सोडले. जामीन दिलेला असताना तो रद्द न करता मुलाला पुन्हा आत ठेवता येत नाही, लोकक्षोभ कितीही असला तरी कायदा तोच, असे न्यायालयाने म्हटले.

मी त्या निकालाच्या बाजूने आहे. गेलेल्या दोघांना न्याय मिळावा, नमुने बदलणारे आत जावेत, हे सगळे म्हणतानाही मी त्या निकालाच्या बाजूने आहे. त्या मुलाजवळ हायकोर्टापर्यंत जाणारी आत्या होती, मोठे वकील होते, म्हणून पाच आठवड्यांत चूक दुरुस्त झाली. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेली मुले मी आजही पाहते. मोबाईल चोरीच्या आरोपातला, बाप वाळूच्या ट्रकवर आणि आई धुण्याभांड्याला, असा मुलगा असतो. तारखेला आई येते तेव्हा तिचा दिवसाचा रोज बुडतो. कायद्याचे चार महिने, वरचे दोन महिने उलटून गेलेले असतात आणि चौकशी बंद करायचा अर्ज कुणी दिलेला नसतो. मी असा अर्ज देते तेव्हा पुण्याच्या त्या निकालाची प्रत जोडते, आणि शीला बर्सेंच्या १९८६ च्या आदेशाचीही. गेल्या महिन्यात एका मंडळापुढे असा अर्ज वाचला गेला. मुलगा समोर उभा होता. मंडळावरच्या मॅडमनी त्याला नावाने हाक मारून विचारले, "तुझ्या वकिलांनी काय लिहिलंय, ते कळलं का तुला?" तो नाही म्हणाला. त्यांनी मला अर्ज मराठीत, त्याला कळेल असा, पुन्हा सांगायला लावला, मग "आता बोल, तुला काय सांगायचंय?" असे विचारले आणि तो जे बोलला ते रोजनाम्यात उतरवून घेतले.